नऊ नंबरचं बटण

चौदा नंबरच्या खोलीची घंटा वाजत नव्हती आणि आमच्या ऑफिसने त्याचं कारण शोधून काढलं होतं: इनामदार मावशींना बटण नीट दाबता येत नाही.

मावशी निवृत्त शिक्षिका. त्यांना दमा आहे. त्या दुपारी अटॅक आला तेव्हा त्यांनी तीनदा बटण दाबलं. कोणी येईना, म्हणून स्टीलची वाटी भिंतीवर आपटत राहिल्या. शेजारणीने ऐकलं आणि मदत मिळाली. यावर शाहपुऱ्यातल्या ज्येष्ठ निवासाचे मॅनेजर सक्सेनाजी यांचा उपाय असा, की मावशींनी खोली सोडून काउंटरजवळच्या सहाजणींच्या हॉलमध्ये जावं. मावशींकडे पुस्तकांची दोन कपाटं होती. हॉलमध्ये कपाटाला जागा नव्हती.

मला हे उशिरा कळलं. मी रजेवर होते. माझे बाबा तिथेच नऊ नंबरला राहत. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. सक्सेनाजींना खोली लवकर हवी होती, म्हणून सामान न्यायला गेले, तर कॉरिडॉरमध्ये आमचे साहेब, दुबेजी, लॅपटॉप घेऊन उभे.

ही सिस्टिम आमच्या कंपनीची, आखणी माझी. प्रत्येक खोलीत बटणाला जोडलेला एक छोटा बॉक्स असतो. बटण दाबलं की तो इमारतीतल्या विजेच्या तारांमधूनच सिग्नल पाठवतो आणि काउंटरवर घंटा वाजते. वेगळी वायर लागत नाही. याला पॉवर लाइन कम्युनिकेशन म्हणतात. पण लांबच्या तारेत सिग्नल विरत जातो, आणि मिक्सर, चार्जर त्यात खरखर मिसळतात. म्हणून मधल्या एका बॉक्सने मागच्यांचं ऐकून पुढे नव्या जोराने सांगायचं. हा रिले. शिवाय तारेवर किती जोराने बोलायचं याला नियमाची मर्यादा असते. तेव्हा काउंटरजवळच्या बॉक्सनी हळू बोलायचं आणि रिलेला मोठा वाटा द्यायचा. हे पॉवर अलोकेशन. शेवटच्या बाकावरचं ऐकू यायचं तर पुढच्या बाकांना गप्प करावं लागतं, तेवढंच शास्त्र.

"मॅडम, मैंने सबकी पॉवर बढ़ा दी," दुबेजी म्हणाले. "सगळे बॉक्स फुल."

"चौदा नंबर आला?"

"नहीं. तीन नंबरवाले काका म्हणतात, रेडिओ खरखरतोय."

"पॅनल काय सांगतंय?"

पॅनल काउंटरवर होतं. अकरा ते चौदा, चार लाल दिवे. त्यांच्यापुढे कोणीतरी टेबल-कॅलेंडर उभं केलं होतं.

"वायरिंग पुराना है," दुबेजी म्हणाले. "आणि माताजींच्या बोटांत ताकद नाही. रिपोर्ट में वही डाल रहा हूँ."

मावशी दारात आल्या. "साहेब, हात द्या जरा."

दुबेजींनी दिला. मावशींनी अंगठ्याने तळवा दाबला. दुबेजींनी हात झटकन मागे घेतला.

"हेही लिहा," मावशी म्हणाल्या.

मी विचारलं, "रिले बघितला का?"

"वो तो ऑटोमॅटिक है ना?"

नव्हता. तो मी नऊ नंबरला ठेवला होता, हे त्यांनी सही केलेल्या ड्रॉइंगवर होतं.

नऊ नंबरच्या भिंतींना नवा रंग लागला होता. दाराजवळचा खोलीचा मेन स्विच बंद होता, म्हणजे रिलेही बंद.

"खाली कमरा है," सक्सेनाजी म्हणाले. "लाइट चालू कशाला ठेवायची?"

सिस्टिम बसली त्या पहिल्या महिन्यात याच चार खोल्या रोज सकाळ-संध्याकाळ तासभर मुक्या होत. दुबेजींनी तेव्हा गिझरला दोष दिला होता. कारण माझे बाबा होते. पिपलानीच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मभर लागलेली सवय: बाहेर पडताना मेन बंद. फिरायला निघाले की शेवटच्या चौघींचा आवाज बंद करून जात. मी सांगितल्यावर त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि स्विचवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'हे बटण बंद करू नये. यावर चार खोल्यांची घंटा आहे.' रंगाऱ्याने ती खरवडून काढली होती.

मी स्विच चालू केला. दोन-तीन मिनिटांनी एकेक लाल दिवा हिरवा झाला. मावशींनी बटण दाबलं. काउंटरवर घंटा वाजली. मी जवळच्या बॉक्सची पॉवर खाली आणली, तसा तीन नंबरचा रेडिओ साफ बोलू लागला.

"म्हणजे प्रॉब्लेम पॉवरचाच होता," दुबेजी म्हणाले. त्यांच्या रिपोर्टमध्ये तेच आहे: पॉवर ॲडजस्ट केल्यावर तक्रार दूर. मावशींच्या बोटांचं वाक्य मी बसून खोडून घेतलं. त्या आणि त्यांची कपाटं चौदा नंबरलाच आहेत.

पण सगळी अक्कल मलाच होती असं नाही. रिले स्विचच्या मागे आहे हे पहिल्याच महिन्यात कळल्यावर तो तिथून हलवायला हवा होता. मी हलवला नाही, कारण बाबांना ती ड्यूटी आवडली होती. जेवताना ते मावशींना विचारत, "लाइन ठीक आहे ना?" माझ्या कामाच्या हिशेबात हे कारण कुठेच बसत नाही. चिठ्ठी हाही यंत्रणेचा एक भाग असतो असं कोणत्याही ड्रॉइंगमध्ये दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी रिले कॉरिडॉरमध्ये उंचावर, थेट लाइनवर बसवला. मध्ये बटण नाही. आता जागा निवडताना मी सिग्नल नंतर मोजते; आधी विचारते, हा बॉक्स कोणाच्या बटणावर आहे?

नऊ नंबरला नवे गृहस्थ आले आहेत. तेही बाहेर पडताना मेन बंद करतात. करू देत.