चुलीवरची नळी आन् आत्याची म्हैस

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, सुनांशी बोलत नसत. वासराशी बोलत. गोठा अंगणाच्या कडंला आन् स्वयंपाकघराचं दार बरोबर त्याच्या समोर. जेवून उठले, हात धुतला, की वासराच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वासरा, आज कालवणात मीठ पडायचं राह्यलं वाटतं." आम्ही दोघी जावा आतून दाराची कडी वाजवायचो. कडी वाजली म्हणजे ऐकलं. बोलायचं न्हाई, हसायचं तर बिलकुल न्हाई. नवी होते तवा मला पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागायचा. कारण वासरू मान डोलवायचं हो, जसं काही मीठ त्यानंच घालायचं होतं!

निजामाचं राज्य होतं तवाची ही गोष्ट. आमचं गाव परतूरच्या अलीकडं, आन् माझे मालक परतूरला कापसाच्या जिनिंगात कामाला. घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत. स्वयंपाकघराला खिडकी न्हाई. छताला एक साणं तेवढं, धूर जायला ठेवलेलं भोक. आता त्या धुराला कुणी सांगितलं होतं, की बाबा तू तिथून जायचं? तो आधी आमच्या डोळ्यांत जायचा, मंग नाकात, मंग पदरात, आन् उरलासुरला साण्यातून. त्यात जळणाला आणलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या असल्या तर बघायलाच नको. फुंकून फुंकून जीव मेटाकुटीला यायचा.

माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणायची, माझ्या आधीपासून कितीतरी वर्षं त्या चुलीपुढं बसलेली. तिचे डोळे कायम लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या. ज्वारी निवडताना खडा बोटाला लागायचा, डोळ्याला दिसायचा न्हाई. आमच्या सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या. त्यांचे डोळे असेच आधी लाल झाले आन् मंग पार गेले. अक्का मोठी हसरी बाई, पण एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "माझंबी तसंच होणार बघ. तू मला ताट हातात देत जा, म्हंजे झालं." मला असा राग आला म्हणता! कुणावर काढावा कळंना, म्हणून मालकांवर काढला.

"तुमच्या जिनिंगात धूर बाहेर काढायला एवढं उंच धुराडं," मी म्हणाले, "आन् घरच्या बायांनी काय गुन्हा केला?"

मालक बिचारे गरीब स्वभावाचे. माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा काम केलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी परतूरच्या बाजारातनं घासलेटचे रिकामे डबे कापून, झाळून आणले. चुलीवर पालथ्या नरसाळ्यासारखं टिनाचं मोठं तोंड, त्याला नळी, नळी साण्यातून वर, आन् पाऊस आत येऊ नये म्हणून टोकाला तीन पायांची टोपी. पहिल्यांदा चूल पेटवली तर धूर शहाण्यासारखा सरळ नळीत शिरला. आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत बसलो. अक्काच्या गालावर तीळ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पण सुख कधी एकटं येतं का! संध्याकाळी वारा सुटला की वरची टोपी खडखड करायची आन् नळी घूं घूं करून घुमायची. मामंजींची संध्याकाळची बैठक माळवदावर. शेतातनं आले की हातपाय धुऊन घोंगडी टाकून एकटेच बसायचे, जेवणाची हाक येईपर्यंत. त्यांच्या कानाशी हा तमाशा. दुसऱ्याच दिवशी वासराला हुकूम झाला.

"वासरा, मिरगाच्या आधी माळवदावर नवी माती पडंल. तवर हे डबडं गप झालं तर बराबर. न्हाई तर उपटून उकिरड्यावर टाकतो."

अक्कानं कडी वाजवली. वाजवून खाली बसली आन् पदरानं डोळे पुसले. त्या दिवशी धूर नव्हता.

मंग आम्ही लागलो त्या नळीच्या मागं. मालकांनी टोपी तारेनं आवळली, तर खडखड जाऊन कुईकुई सुरू झाली. मी नळीच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, तर धूर उलटा घरात आला, चिंध्या धुमसल्या आन् सगळ्या गल्लीला जळका वास. आगीतून फुफाट्यात! अक्का म्हणाली, "जाऊ दे गं बाई. नाकापेक्षा मोती जड झाला. काढून टाकू."

"आधी तुमचे डोळे काढून टाका, मंग नळी काढू," मी म्हणाले. मी अशीच, तोंडाची फटकळ.

एक दिवस कणगीतनं ज्वारी काढता काढता माझा हात कणगीवर आपटला. आवाज न्हाई काई. नुसतं थप्. शेजारच्या रिकाम्या डब्याला कोपर लागलं तर घर दणाणलं. म्हणलं, अगं बया, कणगी लिंपलेली असती म्हणून गप बसती! मंग नळीलाबी लिंपायला काय धाड भरली? पुरुषमाणसं कामाला गेल्ती तवा पदर खोचून शिडीनं वर चढले. नळीला खालपासून वरपर्यंत सुतळी गुंडाळली, म्हणजे माती धरती. वर शेण, माती आन् गव्हाचा भुसा कालवून चांगला जाड लेप दिला. टोपीच्या पायांखाली जुन्या घोंगडीचे तुकडे दाबले. लोकर भडकत न्हाई, करपली तर करपती. अक्का खालून पाट्या द्यायची आन् म्हणायची, "पडशील गं, पडशील!"

लेप वाळला. वारा आला, वारा गेला. नळी मुकी. मामंजी वासराला काही म्हणाले न्हाईत, म्हणजे खूशच असणार. पण ठेवतो असंही म्हणाले न्हाईत, आन् मिरग जवळ येत चाललेला.

आता धूर न्हाई, खडखड न्हाई, तर आमची तोंडं सुटली. आधी धुरात बोलणार कोण? तोंड उघडलं की ठसका. आता भाकऱ्या थापता थापता गप्पांना ऊत आला. मी मामंजींची नक्कल करायची. आधी घसा खाकरायचा, अगदी पोटातनं, मंग "वासराऽ, कालवणात मीठ..." अक्का हसून हसून काठवटीत पडायची. मी म्हणायची, ह्या घरात वांग्याशिवाय देवानं भाजी केलीच न्हाई का? एकदा अक्कानं सासूबाईंची गोष्ट काढली. म्हणाली, "त्या म्हणायच्या, डोळे लई जळतात गं. मी म्हणायची, मामंजींना सांगा. तर म्हणायच्या, सांगू कशी? ते वर, मी खाली." मंग दोघींनी पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

आन् त्या दिवसांत काय काय नवल व्हायला लागलं. बाजारातनं वांगी यायची बंद झाली, पडवळ आलं, भोपळा आला. मामंजी जेवताना घसा खाकरंनात. कडेला घातलेली त्यांची घोंगडी माळवद झाडताना मला रोज जरा जरा नळीकडं सरकलेली दिसायची. मी म्हणलं, तिथं सावली असंल. एवढी मी हुशार!

त्यात मी अक्काला माझ्या आत्याच्या म्हशीची गोष्ट सांगायला घेतली. माझं माहेर घनसावंगीकडचं, गोदावरीच्या काठाला. एका पुरात आत्याची म्हैस वाहून गेल्ती. सगळे म्हणाले, मेली म्हैस, रडून मोकळी हो. पण आत्या माझ्यापेक्षा फटकळ. भाकरी बांधून घेतली आन् काठाकाठानं गावोगाव म्हैस विचारत निघाली. मी रोज भाकऱ्या होईपर्यंत थोडी थोडी सांगायची. नावाड्याचा आवाज वेगळा, पाटलाचा वेगळा, म्हशीचासुद्धा वेगळा. भाकऱ्या संपल्या की गोष्ट थांबवायची. अक्का म्हणायची, "तू लई छळती गं."

उद्या माळवदावर माती पडायची होती, त्या संध्याकाळची गोष्ट. आत्या एका लांबच्या गावात पोचलेली. तिथं एका गोठ्यात म्हैस उभी, एक शिंग वर, एक शिंग खाली. आत्याचीच. पण गोठ्यावाला म्हणतो, माझ्या घरी जन्मलेली आहे. सगळं गाव जमलं. मी रंगात आलेली. "तशी आत्या म्हणाली, सोडा तिला! कुणाच्या मागं जाती ते समद्यांच्या समोर बघू. म्हशीचं दावं सोडलं. म्हशीनं एकदा आत्याकडं बघितलं, एकदा त्या माणसाकडं बघितलं, आन्..."

तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली. "अगं बया!" करून मी उलथनं शोधायला लागले, अक्का तवा उतरवायला धावली. गोष्ट तिथंच लटकली. आन् चुलीवरच्या टिनाच्या तोंडातनं, धुराच्या उलट्या वाटेनं, जाड आवाज आला.

"मंग? कुणाच्या मागं गेली?"

मी चुलीपासून टुणकन मागं सरकले. भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, पण चुलीला असतात हे कुणी सांगितलं न्हाई. खडखड होती तवर आमचं बोलणं तिच्यात बुडून जायचं. ती मीच माझ्या हातानं बंद केली, आन् आमचं सगळं हसणं-खिदळणं सरळ मामंजींच्या कानात नेऊन सोडलं. वांगी आठवली. खाकरणं आठवलं. "वासराऽ" आठवलं! अक्का पांढरीफटक पडली. "उद्या नळी गेली," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मामंजींना ताट मालकांनी वाढलं. आमच्यात दाराबाहेर यायची हिंमत नव्हती.

सकाळी माती टाकायला गडी आले. एक जण वरून मामंजींना ओरडून म्हणाला, "धनी, ही नळी काढून भोक बुजवू का? न्हाई तर पावसाळ्यात इथूनच गळंल." आम्ही दोघी दाराआड. अक्कानं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली.

मामंजी वासराजवळ आले. घसा खाकरायला गेले आन् थांबले.

"वासरा, आत सांग. नळी राहणार. भवताली मी सोता माती दाबून घेतो." मंग वासराच्या पाठीवरनं नुसता हात फिरवत राह्यले. "ह्यांच्या सासूच्या वक्ताला मला खालचं काईच ऐकू आलं न्हाई."

अक्काला कडी वाजवता येईना, ती तोंडात पदर घेऊन रडून राह्यल्ती. मीच वाजवली. माझेबी डोळे भरले, खोटं कशाला सांगू. मामंजी वर गेले आन् नळीच्या बुडाशी आपल्या हातानं माती चोपायला लागले.

संध्याकाळी आम्ही भाकऱ्यांना बसलो ते तोंडाला कुलूप लावून. फक्त थापण्याचा आवाज. वर घोंगडी झटकल्याचं ऐकू आलं. मामंजी बसले. पहिली भाकरी झाली, दुसरी झाली. वरनं एकदा खोकल्याचा आवाज आला, उगाचच्या खोकल्याचा. अक्कानं मला कोपरानं ढोसलं. मी मान हलवली. तिनं परत ढोसलं, आन् तिच्या लाल डोळ्यांत हसू मावंना.

मी पदर सारखा केला आन् चुलीवर जरा वाकून, जन्मात पहिल्यांदा सासऱ्याशी बोलले.

"मामंजी, म्हैस आत्याच्या मागं गेली न्हाई."

वर घोंगडी ओढून नळीला अगदी चिकटून बसल्याचा आवाज आला.

"न्हाई गेली? असं कसं? सांग पोरी, सांग," ते म्हणाले. वासराला न्हाई, मला.