आराम करायला महाळुंग्याला

एसटीच्या टपावर आमचा संसार चढवला जात होता आणि मी खाली उभी राहून यादी तपासत होते. ट्रंका तीन, वळकट्या दोन, पितळी डबे एका पोत्यात, शिवणाचं मशीन, पुस्तकांची पेटी. प्रत्येक नगावर मी खडूने आकडा घातला होता. पुस्तकांची पेटी उचलताना हमाल म्हणाला, "बाई, दगड भरल्यात का काय ह्यात?" तुमचे आजोबा हसून म्हणाले, "तसंच समज." मी हसले नाही.

माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका पुण्याच्या स्टँडवर निरोप द्यायला आल्या होत्या. साडेदहा झाले तशा त्या घड्याळ बघून चुळबुळायला लागल्या. अकराची घंटा चुकवायची नव्हती. एकोणीस वर्षं मीही त्या घंटेला धावले होते. त्या गेल्या, मी गाडीत बसले. माझी नोकरी अजून तीन वर्षं उरली होती. तुमचे आजोबा रिटायर झाले म्हणून मी राजीनामा दिला. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो त्यांच्यापेक्षा माझ्यावरच जास्त येतो.

"पस्तीस वर्षं घासली," ते गाडीत म्हणाले. "आता गावी जाऊन नुसता आराम करायचा."

सुमन, नैरोबीहून आलेल्या तुझ्या मागच्या पत्रात तू विचारलं आहेस, "आजी, तुम्हाला दोघांना तिथे दिवसभर सुट्टीच ना? मग तू काय करतेस?" मोहनने खाली लिहिलं आहे की मला पण खेड्यात राहायचं आहे, अभ्यास नसतो. मुलांनो, मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडले. तुमच्यावर नाही. पण तुम्ही विचारलंच आहे, तर नीट उत्तर देते.

पुण्याला दोन खोल्यांत राहत होतो, पण नळ होता. दाराशी दूधवाला, कोपऱ्यावर गिरणी, वाण्याकडे चिठ्ठी पाठवली की सामान घरी. महाळुंग्याला आजोबांच्या वडिलांचं कौलारू घर आहे, दोन खणांचं, पुढे ओटा. पाणी आडाचं, हंडा-कळशीच्या सकाळी चार खेपा. उन्हाळ्यात आडाचा तळ दिसतो, मग नदीच्या वाळूत झिरे उकरायचे आणि वाटी वाटीने हंडा भरायचा. चूल फुंकायची, सारवायचं, कंदिलाच्या काचा पुसायच्या, गोवऱ्या रचायच्या, धुणं घेऊन इंद्रायणीवर जायचं. रॉकेल, काडेपेटी, डोक्याच्या गोळ्या, सुईदोरा, सगळं चाकणला, दोन कोसांवर. आणि "गावात राहतोय कळलं, म्हटलं डोकावून जावं" म्हणणारे पाहुणे. ओट्यावर बसून तुमचे आजोबा त्यांना सांगतात, "इथे कसं, वेळच वेळ." आत मी चौथ्यांदा चहा ठेवत असते.

त्यांनी नोकरी सोडली तसं त्यांचं काम संपलं. मी नोकरी सोडली तसं माझं तिप्पट झालं. दोघांच्या सोडण्याला शब्द मात्र एकच, रिटायर.

मी शिस्तीची बाई. आल्या आठवड्यातच मी कामांचं टाइमटेबल करून चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं. सोमवार धुणं, मंगळवार सारवण, बुधवार गिरणी, असं. घरात जातं होतं, पण त्याचा खुंटा ओढताना माझे खांदे भरून यायचे. म्हणून पहिल्या बुधवारी गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन मी चाकणला चालत गेले. गिरणीवाला म्हणाला, "आज बाजरी चाललीय. गहू शनवारी, बाजाराच्या दिवशी."

मी म्हटलं, "माझा वार बुधवार आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, म्हातारी ऊन लागून आलीय. मी हटून बसले तेव्हा त्याने खांदे उडवले आणि डबा ओतला. घरी येऊन झाकण काढलं तर पीठ राखाडी. दगडात राहिलेली सगळी बाजरी माझ्या गव्हात उतरली होती. त्या दिवशी पाहुणे होते. पोळ्या तव्यावर तुटल्या. तुमचे आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "एकोणीस वर्षं मुली शिकवल्या, पण दळण काही आणता येत नाही हो."

सगळे हसले. शेजारची हौसाक्का ताक घेऊन दारात आली होती. ती हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिने चुलीमागचा कागद बघितला आणि म्हणाली, "काय लिवलंय ह्याच्यात?"

मी वाचून दाखवलं. तेव्हा मात्र ती पदर तोंडावर घेऊन हसली. "आवो बाई, तुमच्या कागदावर बुधवार हाय म्हून गिरण गहू दळंल व्हय? आन् येवढी कामं एकल्या बाईची? आमी सावड करतो की."

सावड शेतातली असते, एवढं मला ठाऊक होतं. आज मी तुझ्या खुरपणीला, उद्या तू माझ्या. या बायकांनी ती घरकामाला लावली होती. पाच घरांचं दळण एकजण नेणार, बाजार दुसरी करणार, तिसरी पोरं आणि ढोरं बघणार, पुढच्या आठवड्यात फिरवाफिरव. खरं सांगते, मी नाक मुरडलं. म्हटलं, मी तुमची पत्रं लिहून देईन, अर्ज लिहून देईन, माझा वाटा तो धरा.

"कागुद गुरुजी बी लिवत्यात," हौसाक्का म्हणाली. "तुमी बी डबंच न्यायचं."

मी डबे नेले. बैलगाडीत पाच डबे, प्रत्येकाच्या कडीला वेगळी चिंधी, हिरवी हौसाक्काची, लाल माझी. ओट्यावरून तुमचे आजोबा हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, हेडक्लार्कची बायको कुणबिणींचे डबे वाहते, बरं दिसतं का?" मी म्हटलं, "रिटायर हेडक्लार्कची." गाडी पुढे गेली.

सावडीने मला काय दिलं ते सांगते. चार मोकळ्या दुपारी दिल्या. आठवड्यातले चार दिवस, जेवण उरकल्यावर अकरा ते तीन, माझ्या हाताला काम नसायचं. आणि नेमकी हीच शाळेची वेळ.

गावच्या शाळेत एकच गुरुजी, मुलगे पंचवीस-तीस, मुली चार. त्याही आठ वर्षांच्या झाल्या की घरी. हौसाक्काची पारू नऊ वर्षांची, हुशार, माझ्या टाइमटेबलावरची अक्षरं बोटाने गिरवत बसायची. मी हौसाक्काला विचारलं, पोर शाळेत का नाही? ती म्हणाली, "बाई असती तर धाडली असती. बाप्या मास्तराकडं न्हाई." गुरुजींनाही हे माहीत होतं. मुलींचा वर्ग मंजूर व्हायचा होता, बाई मिळत नव्हती. ते म्हणाले, "तुम्ही अर्ज करा. वय झालं असलं तरी हंगामी घेतील."

मी अर्ज केला. राजीनामा लिहिला त्याच टाकाने. आणि वाट बघत बसले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा, ओट्यावर आजोबांच्या हातात टपाल द्यायचा. मी आतून विचारायची, "माझं काही?" ते म्हणायचे, "छे."

पौषात माझी दळणाची पाळी होती. चाकणच्या बाजारात गुरुजी भेटले. म्हणाले, "बाई, तुम्ही नकार कळवलात म्हणे? असं करायचं होतं तर आधी सांगायचंत. वर्ग दुसऱ्या गावाला जातोय."

मी डबे तसेच गिरणीत सोडून घरी आले. आजोबा ओट्यावर पेपर वाचत होते.

"माझ्या नावाचं पत्र आलं होतं?"

त्यांनी पेपराची घडी घातली. घडी घालायला फार वेळ लावला. "आलं होतं. मीच उत्तर धाडलं. तुझी किती ओढाताण होते, मला बघवत नाही."

"बघवत नव्हतं तर एक हंडा आणायचा होतात."

"अगं, पण तू शाळेत बसल्यावर घरचं कोण बघणार?"

"जो घरी असेल तो."

माझे वडील साताऱ्याला मास्तर होते. शेजारपाजारचे हसत असताना त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. म्हणायचे, "शीक, म्हणजे आपला अर्ज कुणाकडून लिहून घ्यावा लागणार नाही." एवढा विचार त्यांनी केला होता. माझा नकारही दुसरं कुणी लिहील, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हौसाक्काने माझं पाणी भरलं आणि मी पहिल्या एसटीने खेडला गेले. शाळाखात्याच्या कचेरीतला कारकून भला माणूस होता. त्याने फाइल काढली. "अजून आठ दिवस हातात आहेत," तो म्हणाला. "पण बाई, हे बघा, तुम्हीच लिहिलंय की."

कागदावर लिहिलं होतं, घरकामामुळे सदर जागा स्वीकारता येत नाही, क्षमस्व. वळणदार हेडक्लार्की अक्षर. आणि खाली माझं नाव, माझी सही म्हणून.

त्याने माझा मूळ अर्ज शेजारी ठेवला, दोन्ही सह्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज उतरवून म्हणाला, "सहीनिशी दिलेला नकार मागे घेता येत नाही. पण ही सही तुमची नसेल तर तसं लिहून द्या. साहेबांपुढे ठेवतो, जागा तुमची. मात्र मग सही कुणी केली, याची चौकशी होणार."

टेबलावर दौत होती. टाक होता. त्याने कोरा कागदही पुढे सरकवला. चार ओळींचं काम. माझ्या डोळ्यांसमोर पारू आली आणि आजोबाही आले. पस्तीस वर्षं सरकारी चाकरीत ज्यांच्या एका आकड्यावर कुणी बोट ठेवलं नाही ते आजोबा, गावच्या ओट्यावर, पोलिसपाटलासमोर. तुमचे बाबा आले. लोक काय म्हणतील, हेही आलं, खोटं कशाला बोलू.

"सही माझीच आहे," मी म्हणाले.

कारकुनाने कोरा कागद परत घेतला.

घरी आले तर तुमच्या आजोबांनी आडावरून एक कळशी आणली होती. अर्धी वाटेत सांडली होती. चूल पेटवता आली नव्हती, सकाळचं दूध तसंच पिऊन बसले होते. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सही माझी आहे म्हणून सांगून आले. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांना बोलायचं होतं, पण मी चुलीकडे वळले, कारण चूल पेटायची होती.

तेव्हापासून आमच्या पाळीचं दळण ते नेतात. मी सांगितलं नाही, त्यांनीच डबे उचलले. चिंध्यांचे रंग त्यांना अजून पाठ नाहीत. मागे हौसाक्काची बाजरी दुसरीच्या घरी गेली, तर ती ओट्यापुढे उभी राहून ओरडली, "काय वो हेडक्लार्क, हपीसात बी असंच कागुद हिकडचं तिकडं करीत व्हता का?" ते खाली मान घालून हसले. मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण ही भरपाई नव्हे. त्यांनी डबे वाहिले म्हणून वर्ग परत आला नाही.

तुम्ही म्हणाल, पारूला घरी शिकव. शिकवते. दुपारी ती आणि आणखी दोघी येतात. पण ती शाळा नाही, मुलांनो. हजेरीपट नाही, परीक्षा नाही, दाखला नाही. घरून हाक आली की पाटी अर्ध्या शब्दावर खाली ठेवून पोर पळते, आणि तिला थांबवायचा अधिकार माझ्याकडे नाही. बाई म्हणून नेमलेली असते तर होता.

सुमन, तुला हे घर कसं आहे ते कळवायचं होतं, म्हणून एवढं लिहिलं. पुणं आता माझं नाही. तिथल्या घंटेला दुसऱ्या बायका धावतात. महाळुंगं माझं झालं आहे, इथल्या पाच घरांच्या डब्यांवरून मला त्यांची पोटं ठाऊक आहेत, आणि मी आजारी पडले तर आडावरून पाणी कोण आणील हे मला विचारावं लागत नाही. या ओट्यावर मात्र मी बसत नाही. पोस्टमनला मी सांगून ठेवलं आहे, माझ्या नावाचं टपाल मागच्या दाराने माझ्या हातात द्यायचं. तुम्ही पाकिटावर आजोबांचं नाव घालून आत "प्रिय आजी" लिहिता, ते बंद करा. माझं पूर्ण नाव घाला. ते मला इंग्रजीतही लिहिता येतं आणि मराठीतही.

आणि हे पत्र जपून ठेवा. आजोबांना दाखवलं तरी चालेल, ते लपवून लिहिलेलं नाही. खेडच्या कचेरीत त्या दिवशी जो कागद मी कोरा परत केला, त्यावर लिहायचं होतं ते इथे लिहिते, कारण कुठे तरी ते माझ्या अक्षरात असलं पाहिजे. मी नकार दिला नव्हता. मला ती जागा हवी होती. ती सही माझी नव्हती. ही खालची माझी आहे.