आत्याची नवी परडी

परतूरला उतरले ती फक्त परडी घ्यायला. बुरूड दारातच बांबूच्या कामट्या काढत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "घरची का देवीची?"

"देवीची. आत्यासाठी."

"मंग कड दुहेरी घालतो. बसा."

माझी आत्या वाटूरजवळच्या खेड्यात आराधीण (देवीच्या नावाने जोगवा मागणारी) आहे. तिच्या अंगात देवी यायची, बाया तिला आपली दुखणी विचारायच्या. पण वर्षभर देवी आली नव्हती. जुनी परडी फाटली म्हणून रुसली, असं गाव म्हणे. आता नवी परडी समोर ठेवायची. देवीने अंगात येऊन ती उचलली तर ठीक, नाहीतर आत्याचं आराधीपण संपलं.

वाटूर फाट्यावर टेम्पोत जागा मिळाली ती कापसाच्या बोचक्यांवर. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी, नुसत्या काड्या.

आत्याने मला पिठलं-भाकरी वाढली. तिचा उपास होता. "आज येईल बघ," परडीवरून हात फिरवत ती म्हणाली. "बिलकुल येईल."

दिवेलागणीला बाया जमल्या. झांजा वाजू लागल्या. आत्या केस सोडून बसली. लहानपणी तिला घुमताना पाहून मी पळाले होते. आज तिने घुमावं म्हणून मुठी आवळून बसले. गाणी संपली, पुन्हा सुरू झाली. आत्याचे खांदे हलले नाहीत.

"नुसती मान तरी हलीव की गं," शेजारची म्हातारी कुजबुजली. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"शहरात शिकलेल्या भाचीला इंग्रजीत बोलवायला सांगा," मागून कोणीतरी म्हणालं, "तशी येती का बघा." सगळ्या हसल्या. मग एकेक उठली. जोगव्याला आणलेलं पीठ त्यांनी तसंच परत नेलं.

सकाळी आत्याने नवी परडी माझ्या हातात दिली. "घिऊन जाय. कांदे ठिवायला होईल तुझ्या आईला."

"आणि तू काय करशील?"

"काय करतेत बाया? रोजानं जाईन."

मी परडी घेऊन फाट्याकडे निघाले.

जालन्याच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसली, खांद्यावर तापाने फणफणलेलं पोर. माझ्या मांडीवरची परडी पाहून तिने हात जोडले, पिशवीतली मूठभर ज्वारी तिच्यात टाकली. "पोराचा ताप जाऊ दे, आई."

"यात देवी नाही," मी कसंबसं म्हणाले.

"असं बोलू न्हाई, बाई." तिने पोराचं कपाळ परडीच्या कडेला टेकवलं.

घरी आले. ते दाणे ना दळता आले, ना टाकता. आत्या वर्षभर जिची वाट बघत होती, ती या बाईला रिकाम्या परडीत दिसली. हे मी आत्याला अजून सांगितलेलं नाही.