नातवाच्या गळ्यातलं वाघनख

उभी हयात पोलीस खात्यात गेली, पण जी घटना आजही डोक्यातून जात नाही ती निवृत्तीनंतरची, आणि घरातली. दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या लेकीच्या फ्लॅटमध्ये घडलेली. फिर्यादी कुणी नव्हता. आरोपी माझे व्याही होते.

निमित्त नातवाच्या उष्टावणाचं. व्याही पुण्याचे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सरळमार्गी माणूस. विहीणबाईंसह युरोपची सहल आटोपून ते परस्पर दुबईत उतरले होते. उष्टावणाला त्यांनी बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख घातलं.

"आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या गळ्यात असतंच. पणजोबांचं आहे हे," ते म्हणाले.

नोकरीतली काही वर्षं मी वन्यजीव तस्करीचे गुन्हे तपासले आहेत. म्हशीच्या शिंगापासून केलेली नकली नखं पोत्यानं पाहिली आहेत. हे खरं होतं. आपल्याकडे असं नख नुसतं बाळगणंही गुन्हा आहे, आणि पुढच्याच आठवड्यात लेक बाळाला घेऊन पुण्याला निघणार होती. मुंबई विमानतळावर कुणी हटकलं असतं तर ती थेट आरोपी. पण व्याह्यांना जाब कसा विचारायचा? त्यापेक्षा अट्टल चोर परवडला.

त्यात बाळाचं बिनसलं. उलट्या, जुलाब, सारखी किरकिर. सगळ्यांनी उष्टावणाच्या खिरीवर खापर फोडलं. क्लिनिकमधले डॉक्टरही म्हणाले, नवीन अन्न आहे, होतं असं. दात येत होते, त्यामुळे पोरगं हाताला लागेल ते तोंडात घालायचं.

त्या संध्याकाळी बाळाचा डोळा लागला, तेव्हा विहीणबाईंनी टीव्हीवर सहलीचे फोटो लावले. डोंगरातला एक जुना किल्ला, आत शिकारीचं म्युझियम. भिंतभर सांबरांची शिंगं, अस्वलं, रानडुकरांची मुंडकी, आणि दोरीपलीकडे कुणा सरदारानं हिंदुस्थानातून मारून नेलेला, पेंढा भरलेला वाघ. एका फोटोत वाघाशेजारी विहीणबाई. पुढच्यात व्याही, एक हात खिशात. वाघ तोच, पण पुढच्या पंजाचं एक नख गायब.

मी दोन्ही फोटो परत पाहिले. हा माणूस हॉटेलातला साबणसुद्धा घरी आणत नाही.

त्यांना बाल्कनीत नेलं. चौकशीत "केलंत का" असं मी कधी विचारत नसे. थेट विचारायचो, "कसं केलंत?" तसंच विचारलं.

त्यांनी खालच्या पार्किंगकडे नजर वळवली. मग म्हणाले, "साहेब, घराण्यातलं नख माझ्या हातून हरवलं. नातू झाला, त्याच्या गळ्यात काय घालू? ते नख आधीच हलत होतं. जरा पिळलं आणि हातात आलं. मुळाशी पांढरी पूड होती, ती फुंकली आणि इथल्या सोनाराकडून मढवून घेतलं."

"पांढरी पूड?"

"हो. चुन्यासारखी."

मला नोकरीतली एक जप्ती आठवली. एका जुन्या बंगल्यात पेंढा भरलेला बिबट्या जप्त करताना आमचा हवालदार त्याला हात लावणार, तोच वनखात्याचे तज्ज्ञ त्याच्यावर ओरडले होते. पेंढा भरलेल्या जनावरांना कीड लागू नये म्हणून पूर्वी कातड्याला आतून सोमल चोळायचे, म्हणजे आर्सेनिक. आणि आमचं पोरगं ते नख दिवसभर चोखत होतं.

धावत जाऊन मी साखळी तोडली, मुद्देमालासारखी पिशवीत बंद केली. जावयानं गाडी काढली. वाटेत तो म्हणाला, "बाबा, इथे पोलीस केस झाली तर खलास. व्हिसा, जॉब, सगळंच. बाजारातून घेतलं असं सांगूया ना?"

"नवीन आहे म्हटलंस तर डॉक्टर सोमल शोधणारच नाहीत," मी म्हणालो. "मग काय करशील?"

मागच्या सीटवर बाळाला छातीशी धरून बसलेली माझी लेक एवढंच म्हणाली, "खरं सांगायचं."

इमर्जन्सीमध्ये डॉक्टरबाई केरळच्या होत्या. मी तोंड उघडणार, तोच व्याही पुढे झाले. "डॉक्टर, ये मैंने म्युझियम से तोड़ा है। बहुत पुराने शेर का है। उसमें ज़हर होगा।" एवढं बोलून ते भिंतीला टेकून खाली बसले.

बाळाच्या लघवीत आर्सेनिक निघालं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाल्या. काही दिवसांनी बाळ घरी आलं. नख जमा झालं, व्याह्यांचा रीतसर जबाब झाला, आणि तो त्यांनी एक शब्दही न फिरवता दिला. नख परत मिळाल्यावर म्युझियमनं तक्रार केली नाही, आणि प्रकरण तिथेच मिटलं.

लोभानं आणि रागानं केलेले गुन्हे मी आयुष्यभर पाहिले. मायेनं हातून इतकं भयंकर काही होऊ शकतं, हे मला त्या बाल्कनीत कळलं.

बाळाच्या गळ्यात आता साधा काळा दोराही नाही. व्याही दरवर्षी दुबईला येतात. नातू हाका मारत अंगावर झेपावतो, पण ते त्याला लगेच घेत नाहीत. आधी बाथरूममध्ये जातात आणि दोन्ही हात कोपरापर्यंत धुतात. आम्ही बाहेर नळाचा आवाज ऐकत बसतो. पुरे झालं असं त्यांना कुणीच म्हणत नाही.