मुलाखतीतला आवाज

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी कशी मिळवावी, हे आमच्या भागात कुणालाही विचारा, तो ताईचं घर दाखवेल. ताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत ती वर्ग घेते, आणि संध्याकाळी घरी, बाहेरच्या खोलीत, लॅपटॉपवरच्या मुलाखतीला बसणाऱ्यांची तयारी करून घेते. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. 'मला मुलं फार आवडतात' असं म्हणू नका, सगळे तेच म्हणतात. त्यापेक्षा एखादा फसलेला तास सांगा आणि तो कसा सावरलात ते सांगा. तिच्या हाताखालून गेलेला माणूस सहसा नापास होत नाही. मग तिकडून फोटो येतात, बर्फात उभे, समुद्राकाठी उभे, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. ताई फोटो बघते, 'छान' म्हणते आणि दूध तापवायला उठते.

दिव्याखाली अंधार म्हणावं, तर तसंही नाही. ती स्वतः मुलाखती देते आणि दर वेळी पास होते. जात मात्र कुठेच नाही.

कारण सासूबाई. ताईने लग्न केलं नाही, आणि सासरे गेल्यापासून सासूबाई तिच्याकडेच असतात. तुम्ही म्हणाल, सून आहे की! सगळेच म्हणतात. सासूबाई आमच्याकडे येतात, दोन रात्री काढतात आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दाराशी बसतात. आमच्याकडे त्यांना झोप लागत नाही, पाणी पचत नाही, आणि त्या बोलून दाखवत नसल्या तरी मीही पचत नाही. तिकडे ताईच्या हाती नेमणुकीचं पत्र आलं की सासूबाईंना चक्कर येते. नाटक म्हणावं तर डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि तो खरोखरच चढलेला असतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ताईची गत.

आणि गंमत बघा, ताईला पास करतात त्याही सासूबाईच.

या मुलाखतींत एक नमुना तास घ्यावा लागतो. इंग्रजीचा गंध नसलेला माणूस समोर बसवायचा आणि आपल्या भाषेतला एकही शब्द न वापरता त्याला शिकवायचं. तिकडचे लोक पडद्यावरून बघत असतात. आमच्या घरात असं माणूस एकच होतं. ताईने कप, पाणी, गरम, गार एवढाच धडा बसवला. सासूबाई विद्यार्थिनी झाल्या आणि मी टेबललॅम्प धरून स्टुलावर, कारण ताईच्या बाहेरच्या खोलीतल्या ट्यूबचं काही खरं नाही.

पुढे तोच धडा इतक्यांदा झाला की सासूबाई विचारायच्या आधीच उत्तर द्यायला लागल्या. ताईने टेबलाखालून पाय दाबला. तेव्हापासून त्या हनुवटी खाजवतात, छताकडे बघतात, 'कप' म्हणायला इतका वेळ लावतात की मलाच शब्द सुचवावासा वाटतो. नाटकातल्या बायकांनी यांचे पाय धरावेत.

पण मला खरं नवल वाटायचं ते ताईच्या आवाजाचं. एरवी घरात ती बोलते म्हणजे चाबूक. "गोळी घेतलीस? हो की नाही, एवढंच सांग." दिवसभर दुसऱ्यांच्या चुका सुधारून ती संपलेली असते, त्यात असं आयुष्य. तास सुरू झाला की हीच बाई पुढे झुकायची, आईची बोटं हळूच कपाभोवती ठेवायची, त्या चुकल्या की हसायची आणि लोण्यासारख्या आवाजात पुन्हा म्हणून दाखवायची.

गेल्या महिन्यातली मुलाखत शेवटचीच होती. पन्नाशीनंतर तिकडच्या शाळा कुणाला घेत नाहीत आणि ताईची पन्नाशी दारात आलेली. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळी चक्कर येवो नाहीतर आणखी काही, ती जाणार. मीही म्हटलं, जा, पिशवी भरून दाराशी बसल्या तर मी दाराला कुलूप लावीन.

तास झकास झाला. मग पडद्यावरच्या पिकल्या केसांच्या बाईंनी सहज, एकेक शब्द सुटा करत, सासूबाईंनाच विचारलं, तुमची टीचर कशी आहे? ताई गडबडली. नवशिक्या माणसाला हे कळणारच नव्हतं. पण संध्याकाळच्या सगळ्या तयाऱ्या सासूबाई आतल्या खोलीत पडून ऐकतात, हे आम्ही विसरलो होतो. त्या छताकडे न बघता म्हणाल्या,

"टीचर व्हेरी गुड. ॲट होम, अँग्री. इन इंटरव्ह्यू, नो अँग्री. आय लाइक इंटरव्ह्यू."

पडद्यावरच्या बाई हसल्या. ताईने सगळं खरं सांगून टाकलं, की आई कोरी नाही, हाच धडा कितीदा तरी झालाय. बाई म्हणाल्या, म्हणजे यांना तुम्हीच शिकवलंत की. दोन दिवसांत पत्र आलं. ताई पास!

सासूबाईंना चक्कर आली नाही. पत्र आल्याचं ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. नकार कळवला तो ताईने, आपण होऊन. मी तिच्यावर भडकले. मी म्हटलं, अगं, आता तर त्या अडवतही नाहीत.

"तू ऐकलंस ना, ती काय म्हणाली ते?" एवढंच ती बोलली.

त्या संध्याकाळी तिने तयारीला आलेल्यांना परत पाठवलं. कप घेतला, आईसमोर बसली, पुढे झुकली. तोंडातून पहिला शब्द आला तो चाबकासारखाच. तिने घसा खाकरून पुन्हा म्हटला. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सासूबाईंनी तिच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "दमलीस. पुढची मुलाखत कधी आहे?"

पुढची मुलाखत नव्हतीच. आता कधीच नव्हती. सासूबाई मात्र तारीख ऐकायला ताईच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आहे," ताई म्हणाली. "आत्ताच आहे."

तिने लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवला. चालू केला नाही. पदर, केस नीट केले, खुर्ची खिडकीपासून वळवून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवा धर जरा."

मी स्टुलावर चढून दिवा धरला. सासूबाई हनुवटी खाजवायला लागल्या. काळ्या पडद्यासमोर ताई पुढे झुकली, आईची बोटं तिने कपाभोवती ठेवली, आणि तो आवाज आला.