रिकाम्या पाटापुढचे एक्के

मेलेल्या माणसाच्या नावानं मी पानं वाटली आणि त्याच्या भावाला ती खरी वाटू दिली. गंमत म्हणून ते सुरू झालं, एवढंसुद्धा मी आता स्वतःच्या बाजूनं सांगत नाही.

भूकंपानंतर काही वर्षांनी मी नांदेडहून लातूरला शिकवणीवर्गात गणित शिकवायला आलो. मुलांच्या खानावळीत जेवायचो, जेवणानंतर पत्त्यांचे खेळ दाखवायचो. हातखंडा खेळ तीन पत्तीचा. गड्डीच्या तळाशी तीन एक्के ठेवायचे, वरून वाटतोय असं भासवत ते तळातून सरकवायचे आणि लोकांची नजर गोष्टीत अडकवायची.

त्यातली एक गोष्ट मात्र माझी नव्हती. खानावळीच्या आचारीमामांनी एकदा मेथी निवडताना ती मला सांगितली होती. गणपती बुडवून आल्यावर त्यांच्या गावात मांडवातच पत्त्यांचा डाव बसायचा. त्या रात्री मामांचा धाकटा भाऊ सारखा हरत होता. "ऊठ की आता, जा घरी, नीज जा बायकांवानी," म्हणून मामांनीच त्याला हिणवून उठवलं. पहाटे जमीन हलली. मांडवातले सगळे वाचले. दगडमातीच्या घरात निजलेला भाऊ गेला.

एका रविवारी दुपारी मी मुलांना हीच गोष्ट सांगितली. मध्ये एक पाट रिकामा ठेवून त्याच्यापुढंही तीन पानं वाटली. "हरलेला गडी डाव पुरा करायला येतो," म्हणालो आणि पाटापुढची पानं उलटली. तीन एक्के, सगळ्यात मोठी पानं. मुलं ओरडली. मागं वळलो तर दारात मामा उभे, हातात पळी.

मुलं पांगल्यावर ते जवळ आले. "सर, रागावलाय का हो त्यो माझ्यावर?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "नाही मामा. जिंकलाय आता तो."

मग रोज दुपारी ते पाट मांडू लागले. मी वाटायचो, एक्के पडायचे. मामा पाटाकडे कान देऊन काहीतरी ऐकायचे आणि मान डोलवायचे. एकदा मी लबाडी न करता वाटलं. दुर्री, सत्ती, नव्वी.

"आज चिडलाय," मामा पुटपुटले आणि दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एक्के टाकले.

त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बोलवायलाय मला. गावातल्या जुन्या घराची एक कललेली भिंत हाय अजून उभी. तिच्या बुडाशी जाऊन निजतो आज."

भूकंपापासून हा माणूस पावसातसुद्धा भिंतीच्या आसऱ्याला झोपला नव्हता.

मी हात धरून त्यांना खाली बसवलं. गड्डी उलटी धरून तळातला एक्का सावकाश ओढून दाखवला. मग दुसरा. मग तिसरा.

मामांनी तिन्ही एक्के हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. "मंग माझ्यासंगं बोलतंय कोण?"

"ते मला माहीत नाही, मामा," मी म्हणालो. "पण पानं त्यानं टाकली नाहीत, मी टाकली. तुमच्या भावाचं मरण मी पोरांपुढं खेळायला काढलं आणि तुम्हाला फसवत राहिलो. तो बोलवत नाही तुम्हाला. जाऊ नका. माझं चुकलं, मामा, मला माफ करा."