झोळीची सवय

रोडपालीतले आमचे शेजारी बाप झाले आणि सगळ्या मजल्याला झोपेचं शास्त्र कळलं. बाळाने अंधारात, न जोजवता, आपलं आपण निजायचं, हे ते लिफ्टमध्येही कुजबुजत सांगायचे. आमच्या कुकरच्या शिट्टीलाही त्यांनी समज दिली होती. गव्हाणहून आलेल्या त्यांच्या सासूबाईंनी साडीची झोळी बांधायला घेतली, तेव्हा 'आई, सवय लागते हो,' म्हणत त्यांनी साडी घडी करून कपाटात ठेवली.

काल दुपारी त्यांचं दार उघडंच होतं. त्यांच्या व्यायामाच्या दांड्याला तीच साडी बांधलेली. खाली आमचे शेजारी बसलेले, हातात झोळीची दोरी, मान छातीवर. झोळी रिकामी होती. बाळ आजीच्या मांडीवर टक्क जागं.

मला बघताच सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हलू बोला. जावई आताच निजलेत. सवय लागलीय त्यांना."